फॉल्ट रजिस्टर

२०१९चा एप्रिल. सोलापुरात एप्रिल म्हणजे काय ते सोलापूरकरालाच विचारा, बाहेरच्याला सांगून कळत नाही. दुपारी साडेबाराला सिद्धेश्वराच्या देवळात आम्ही तिघी, आई, मावशी आणि मी. चपला बाहेर काढलेल्या आणि दगडी फरशी अशी तापलेली की माणसं सरळ चालतच नव्हती, कुणी टाचांवर कुणी चवड्यांवर, सावली गाठायला नुसती पळत होती, एक बारकं पोरगं तर बापाच्या पायांवर पाय ठेवून चाललं होतं. आणि मी आपली निवांत एकेक पाऊल टाकत. मावशी आईला म्हणाली, बघ गं, पोरीची श्रद्धा बघ. मला खरं तर फरशी गार वाटत होती. गार पण नाही, काहीच वाटत नव्हती.

घरी येऊन पाय धुताना बघितलं तर दोन्ही तळव्यांना फोड.

आता हे कुणालाही विचित्र वाटलं असतं, पण मी बँकेत कॅशला, नुकतंच मार्चएंड संपलेलं, महिनाभर रोज नऊ-साडेनऊला घरी, त्यामुळे पायाला मुंग्या येतायत, पाय जड झालेत हे सगळं मी क्लोजिंगच्या खात्यावर टाकून मोकळी झाले होते. चार दिवसांत ते बधिरपण गुडघ्यापर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. एकदा तर रिक्षातून उतरून बँकेत शिरले आणि शिपाईकाका मागून एक चप्पल हातात घेऊन आले. पायातली चप्पल निघाली आणि मला पत्ताच नाही!

हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. एक्सरे काढला. मणक्यात गॅप. (महाराष्ट्रात तिशी ओलांडलेल्या माणसाचा एक्सरे काढला आणि मणक्यात गॅप निघाली नाही असं झालेलं मी तरी ऐकलेलं नाही.) पट्टा, आराम आणि बी-१२ची ती लाल इंजेक्शनं. त्यांना मी आज तेवढा दोष देत नाही, बी-१२ कमी पडलं तरी पाय असेच बधिर होतात आणि आमच्या शाकाहारी घरात ते कमी असणारच, ते तपासायलाच हवं. पण कमरेखाली सगळंच बधिर झालेल्या बाईच्या पायाला टाचणी लावून कुणी बघितलं नाही, ते बघायला पाहिजे होतं. असो.

इथे अण्णा येतात. अण्णा म्हणजे माझे वडील, टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर. बीएसएनएल होऊन तेव्हा अठरा-एकोणीस वर्षं झाली होती तरी ते 'खातं'च म्हणायचे, अजून म्हणतात. रस्त्यात खड्डा, खड्ड्यात अण्णा, समोर शंभर जोड्यांची केबल फोडलेली आणि त्या बारीक रंगीत तारांमधून पांढरी-निळी, पांढरी-केशरी अशा जोड्या जुळवत बसलेले, हे माझ्या लहानपणीचं चित्र. फोन बंद पडल्याची १९८ला तक्रार आली की डॉकेट, म्हणजे तक्रारीची नोंद, डॉकेट आलं की रजिस्टर. तारीख, नंबर, काय तक्रार, काय सापडलं, कधी क्लिअर. या माणसाने माझ्याकडे दोन दिवस नुसतं बघितलं आणि तिसऱ्या दिवशी जुन्या डायरीत पट्टीने रकाने आखून समोर बसले. "काय होलालंय सांग की नीट. कुठून सुरू झालं, कधी, कुठपर्यंत आलं."

मी वैतागून सांगितलं. त्यांनी लिहिलं. मग म्हणाले, मागचं? मागचं काय? म्हणाले, केबलचा फॉल्ट आज आला म्हणजे आज झाला असं नसतंय, आधी कधी लाईन खराब झालती का?

आणि मला डोळा आठवला.

२०१३, मी पुण्यात होते, सव्वीस वर्षांची. उजवा डोळा हलवला की मागून दुखायचा आणि दोन दिवसांत समोर धूर भरल्यासारखं झालं. सगळ्यात गंमत लाल रंगाची. डाव्या डोळ्याने बघितलं तर कुंकवाची डबी लाल, उजव्याने बघितलं तर तीच डबी विटेसारखी, धुवून धुवून विटलेली. मी रूममेटला एकेक डोळा झाकून दाखवायला सांगत होते की तुलापण असं दिसतं का, आणि ती मला वेड्यात काढत होती. तिथल्या डॉक्टरांनी कॉम्प्युटर कमी करा म्हणून थेंब दिले. सहा आठवड्यांत डोळा आपोआप नीट झाला आणि थेंबांना श्रेय मिळालं. त्या दिवाळीला मात्र पहिल्या आंघोळीला, उटणं लावून कढत पाण्याने न्हाऊन बाहेर आले आणि उजव्या डोळ्यासमोर परत तोच धूर, पंख्याखाली अर्धा तास बसले तर गेला. ते मी कुणाला सांगितलंही नाही, सांगण्यासारखं काय त्यात.

अण्णांनी तेही लिहिलं. 'दिवाळी, गरम पाणी, उजवा डोळा, अर्धा तास.'

ती डायरी घेऊन आम्ही हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेलो. न्यूरोलॉजिस्ट मॅडमनी आधी माझे पाय बघितलेच नाहीत, डायरी वाचली, दिवाळीच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, हे कुणी लिहिलं? अण्णा शाळेतल्या पोरासारखे उभे राहिले. त्या हसल्या, म्हणाल्या बसा हो काका, याला नाव आहे. विल्हेल्म ऊटहॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९०मध्ये हेच नोंदवून ठेवलंय, श्रमाने अंग तापलं की नजर मंदावते, थांबलं की परत येते. एमआरआय नव्हता तेव्हा डॉक्टर संशय आलेल्या पेशंटला चक्क गरम पाण्याच्या टबात बसवून बघायचे म्हणे. मी ती टेस्ट घरीच दिली होती, उटण्यासकट.

मग टाचणी, कापूस, ट्यूनिंग फोर्क. टाचणी पायापासून वर वर, "आता कळतंय? आता?" बेंबीच्या जरा वर आल्यावर एकदम टोचली. म्हणजे भानगड पायात नाहीच, पाठीच्या मज्जारज्जूत. मान खाली घाल म्हणाल्या. घातली, आणि मानेपासून कमरेपर्यंत सण्णकन करंट गेला. हा करंट मला महिनाभर येत होता, कॅशचा ड्रॉवर उघडायला वाकले की यायचा, मी तो अण्णांनाही सांगितला नव्हता कारण सांगणार काय. याला लेर्मिटचं लक्षण म्हणतात. अण्णा पुटपुटले, रिंगचा झटका. टेलिफोनच्या जोडीला हात लावलेला असताना तिकडून कुणी रिंग केली की असाच झटका बसतो, त्यांना आयुष्यभरात शेकड्याने बसलेत.

एमआरआयमध्ये मज्जारज्जूत डी-८ला, म्हणजे पाठीच्या आठव्या मणक्याच्या पातळीला, एक डाग आणि मेंदूत पोकळ्यांच्या कडेने पाच-सहा. कॉन्ट्रास्ट, म्हणजे ताजे डाग उजळवणारं इंजेक्शन, दिल्यावर पाठीतला आणि मेंदूतला एक असे दोन उजळले, बाकीचे नाही. उजळले ते ताजे, न उजळले ते जुने, म्हणजे मला काहीही न कळता कधीतरी होऊन गेलेले. मल्टिपल स्क्लेरोसिस, एमएस. मी नाव ऐकलेलं नव्हतं. आईने तर पहिल्यांदा एम.एस. म्हणजे सर्जनची डिग्रीच समजली.

या आजाराला एक अशी टेस्ट नाही, की रक्त दिलं आणि पॉझिटिव्ह आलं. डॉक्टरला तेव्हा दोन गोष्टी दाखवाव्या लागायच्या, नुकसान एकाहून जास्त जागी आहे आणि ते एकाहून जास्त वेळा झालंय. जागेत पसरलेलं आणि काळात पसरलेलं. वर दुसऱ्या कुठल्या आजाराने हे झालेलं नाही, हेही. इयान मॅकडॉनल्ड नावाचे मूळचे न्यूझीलंडचे, लंडनमध्ये काम केलेले न्यूरोलॉजिस्ट, त्यांच्या नावाने २००१मध्ये हे निकष आले आणि नंतर सुधारत गेले. अगदी अलीकडच्या निकषांत डोळ्याच्या नसेलाही पाचवी जागा म्हणून मान मिळालाय. मला हे वाचताना सारखं वाटत राहिलं की हे निदान म्हणजे अर्धं मशीनचं काम आहे आणि अर्धं आठवणीचं. कुणीतरी 'मागचं?' विचारावं लागतं. आणि आपल्याकडे बाईला मागचं विचारलं तर ती बाळंतपणं सांगते, डोळा सांगत नाही.

सगळ्यात जुन्या भरवशाच्या नोंदींपैकी एकसुद्धा डॉक्टरची नाही, पेशंटच्या डायरीतली आहे. ऑगस्टस डेस्टे, इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचा नातू. १८२२मध्ये स्कॉटलंडमध्ये एका नातेवाइकाच्या अंत्यविधीनंतर त्याची नजर अधू झाली, पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली, मग आपोआप बरी झाली. पुढे वीसहून जास्त वर्षांचं त्याने लिहून ठेवलं, एकाच्या जागी दोन दिसणं, पाय लटपटणं, बधिरपणा. १८४८मध्ये वारला. फ्रेंच न्यूरोलॉजिस्ट शार्कोंनी पॅरिसच्या साल्पेत्रियेर इस्पितळात या आजाराला वेगळं ओळखून त्यावर व्याख्यानं दिली ती १८६८मध्ये. म्हणजे डेस्टेने सगळं रजिस्टर भरून ठेवलं होतं, फक्त फॉल्टचं नाव त्याला कळलं नाही.

पाठीतलं पाणी काढायचं ठरलं तेव्हा घरात खरा गोंधळ झाला. आईच्या माहेरी कुणाचं तरी पाठीतलं पाणी काढलं आणि तो माणूस लुळा पडला अशी एक कथा आहे, प्रत्येक घरात असते. प्रत्यक्षात कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडायचं, एक इंजेक्शन, थोडा दाब, वीस मिनिटं. नंतर दोन दिवस डोकं ठणकलं ते मात्र खरं. त्या पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड सापडले, म्हणजे मेंदूच्या आतल्या आत प्रतिकारशक्तीचं काहीतरी चालू आहे याचा पुरावा. रक्त अजून दोन अँटिबॉडींसाठी गेलं, कारण एमएससारखाच दिसणारा एनएमओ नावाचा आजार आहे, त्याची अँटिबॉडी २००४मध्ये सापडली, त्याआधी आशियात कितीतरी लोकांना एमएसच समजून औषधं दिली गेली, आणि एमएसची काही औषधं एनएमओला उलट बिघडवतात. तो रिपोर्ट यायला आठवडा लागला. तो आठवडा मला नको असलेला एमएसच निघू दे म्हणून सिद्धेश्वराला हात जोडण्यात गेला, हा विनोद मला आत्ता लिहिताना कळतोय.

अजून एक टेस्ट, बुद्धिबळाच्या पटावरचे चौकोन टीव्हीवर काळ्याचे पांढरे होत राहतात, डोक्याला मागे तारा लावलेल्या. डोळ्याने बघितलेलं मेंदूच्या मागच्या भागात पोचायला साधारण १०० मिलिसेकंद लागतात. माझ्या डाव्याला १०२, उजव्याला १३८. त्या दिवशीही माझी उजवी नजर तक्त्यावर ६/६ होती! सहा वर्षांनीही लाईन उशिराच पोचत होती आणि मला कळत नव्हतं. अण्णांना सगळ्या तपासण्यांत हीच आवडली, कारण ही त्यांना समजली.

तशी त्यांना मायलिनची गोष्ट पहिल्यांदा पटली नव्हती. सगळ्या माहितीपत्रकांत लिहिलेलं असतं की नस म्हणजे वायर आणि मायलिन म्हणजे वरचं प्लास्टिक, ते निघतं म्हणून आजार. अण्णा म्हणाले, प्लास्टिक निघालं तर करंट लीक होईल, शॉर्ट होईल, पण हिचा तर निरोप मधेच मरतोय. मग मी वाचलं, आणि त्यांचं बरोबर होतं. मायलिनचं वेटोळं सलग नसतंच, मिलिमीटरभराने, कधी त्याहून कमी अंतराने उघडी फट असते, रॅनव्हिए नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवलेली. निरोप या फटीतून त्या फटीत उडी मारत जातो, प्रत्येक फटीत त्याला पुन्हा जोर मिळतो. म्हणून जाड मायलिनच्या नसेत तो सेकंदाला शंभर मीटरपर्यंत धावतो, आणि मायलिन नसलेल्या बारीक नसेत जेमतेम एखादा मीटर.

"म्हणजे रिपीटर," अण्णा म्हणाले. "रिपीटर चांगलाय, पण मधल्या तुकड्याचं इन्सुलेशन गेलं, तर सिग्नल पुढच्या रिपीटरला पोचायच्या आत संपतो." कुठल्याही पुस्तकात मला याहून सोपं वाचायला मिळालं नाही. उन्हाचंही तसंच, अंग अर्ध्या डिग्रीने तापलं तरी त्या फटींमधली सोडियमची दारं लवकर मिटतात, निरोप आखूड होतो, धडधाकट तुकड्यात काही फरक पडत नाही पण सोललेल्या तुकड्यात तेवढंही पुरतं. नवीन नुकसान नसतं ते, गार झालं की परत. आणि उघड्या पडलेल्या दोन नसा शेजारी असल्या तर एकीतलं दुसरीत उडतं, बिनकारण कळ येते. हे तर अण्णांनी मला पूर्ण बोलूच दिलं नाही, क्रॉस टॉक, क्रॉस टॉक. लँडलाईनवर मधेच कुणातरी परक्या बाईचं बोलणं ऐकू यायचं ते.

आणि हे मायलिन खातं कोण, तर आपल्याच पांढऱ्या पेशी. अण्णांना जेसीबीची सवय, महापालिका रस्ता खोदणार आणि केबल तुटणार. "म्हणजे जेसीबी बाहेरचा नाय तर. आपल्याच खात्याचा." हो. शरीर डागडुजी करतं, नवीन मायलिन घालतं पण ते पातळ, आणि आतली तारच तुटली तर ती परत येत नाही. म्हणून आधी थांबवायचं महत्त्व.

कशामुळे झालं, हा प्रश्न आत्याने, काकूने, बँकेतल्या प्रत्येकाने विचारला. टेन्शनमुळे, लग्न न केल्यामुळे, रात्री दही खाल्ल्यामुळे. २०२२मध्ये अमेरिकेत लष्करातल्या १ कोटीहून जास्त लोकांच्या नोंदी तपासून एक मोठा अभ्यास आला, त्यात एपस्टीन-बार विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट वाढलेला दिसला. पण हा विषाणू जवळजवळ सगळ्यांनाच कधी ना कधी होऊन जातो, मग त्यातल्या मलाच का, याचं उत्तर त्यात नाही. आई म्हणायची, हा गोऱ्यांचा आजार, आपल्यात कुठून आला. पूर्वी डॉक्टरही तसंच मानायचे. मुंबईच्या डॉ. नोशिर वाडियांनी १९९०मध्ये पारशी समाजात हा आजार चांगलाच आढळतो असं दाखवलं होतं, आणि नंतर एमआरआय मशीनं गावोगाव आली तसे आपल्यातलेही सापडायला लागले. नसलेले आले नाहीत, असलेले दिसले.

उपचार आधी पाच दिवस स्टिरॉइडचं सलाईन, रोज १ ग्रॅम. तोंडात तांब्याचा पैसा धरल्यासारखी चव, रात्री झोप नाही, पहाटे तीनला मी स्वयंपाकघरातले डबे काढून पुसत होते. पाय तीन आठवड्यांत बऱ्यापैकी परत आले. मॅडमनी साफ सांगितलं, याने झटका लवकर ओसरतो, पुढचा थांबत नाही. थांबवायला वेगळं औषध. १९९३च्या आधी असं औषधच नव्हतं, तेव्हा इंटरफेरॉनचं पहिलं इंजेक्शन आलं. आता गोळ्या आहेत, इंजेक्शनं आहेत. त्यांतली २०१०ची पहिली गोळी किड्यांवर वाढणाऱ्या बुरशीतल्या एका द्रव्यावरून बनवलीय, हे मी लंच टाइमला सांगितलं तर दोघींनी डबे बंद केले.

माझ्यासाठी रिटुक्सिमॅब ठरलं, सहा महिन्यांनी एकदा सलाईनमधून. हे १९९७पासून लिम्फोमासाठी वापरतात, म्हणजे कॅन्सरचं औषध, हा शब्द घरात पडला आणि आई दोन दिवस जेवली नाही. हे बी-पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, कमी करतं. भारतात त्याचं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच दुसऱ्या कंपनीचं औषध, २००७पासून मिळतं म्हणून आमच्यासारख्यांना निदान विचार तरी करता येतो. पाकिटावर एमएस लिहिलेलं नसतं त्यामुळे विम्याच्या टेबलावर पलीकडचा माणूस मला कॅन्सर झालाय का नाही एवढंच विचारत राहिला, नाही म्हटलं तर क्लेम नाही, हो म्हणता येत नाही. २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एमएससाठी हे आवश्यक औषधांच्या यादीत घातलं, त्या पानाची प्रिंट अण्णांनी रजिस्टरला टाचून ठेवलीय.

औषधाच्या आधी टीबी तपासला, बी प्रकारची कावीळ तपासली, आपल्याकडे ते सोडून चालत नाही. पहिल्या डोसला घसा खवखवला, सलाईन थांबवलं, ॲलर्जीचं एव्हिल दिलं, परत हळू सुरू केलं. सहा तास. करोनात एक डोस पुढे ढकलला, ते वर्ष मी आठवत नाही.

सहा वर्षं झाली. चालते, कॅश सोडून आता कर्ज विभागात बसते, कारण नोटा मोजताना बोटांना नोट एक की दोन ते कळेना. सगळ्यात अवघड पाय नाही, शीण आहे. थकवा म्हणत नाही मी त्याला, थकवा काम केल्यावर येतो. हा सकाळी उठल्यावर येतो, भाकरी थापायला हात वर केला आणि हाताने नाही म्हटलं असा. २०१६च्या अपंगत्व कायद्यात एमएसचं नाव आहे, सर्टिफिकेट काढायला गेले तर समोरच्या माणसाने मला वरून खाली बघितलं आणि म्हणाला, मॅडम, दिसत तर नाही काही. बरोबर आहे त्याचं. मलापण दिसत नाही, मशीनला दिसतं.

आणि औषधाचंही तसंच आहे. ताप उतरतो तसं काही होत नाही. सहा तास सलाईन घेऊन घरी यायचं आणि पुढचे सहा महिने काहीही घडायला नको, ते काही न घडणं म्हणजेच औषध लागू पडणं. याचं कौतुक कुणाला सांगणार?

परवाच्या एमआरआयमध्ये नवीन डाग नाही. अण्णांनी चष्मा लावून रिपोर्ट दोनदा वाचला. रजिस्टरमध्ये शेवटचा रकाना आहे, 'क्लिअर'. २०१९पासून तो सगळा रिकामा. मी म्हटलं, आज लिहा की काहीतरी. ते म्हणाले, खात्यात एक पद्धत होती, फॉल्ट सापडला नाही पण परत येणार हे माहीत असलं की डॉकेट बंद करायचं नाही. बराच वेळ पेन तसंच धरून बसले. मग रकाना सोडून खाली नवीन ओळ घातली, पुढच्या डोसची तारीख, सप्टेंबरचा शेवटचा आठवडा.

"हाफ इयर क्लोजिंग आहे तेव्हा," मी म्हटलं. "एक आठवडा पुढे घेऊ."

त्यांनी तारीख खोडली नाही. शेजारी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं आणि मॅडमच्या क्लिनिकचा नंबर फिरवला, लँडलाईनवरून.